पासावर दोन नावं

पास त्याच्या शर्टाच्या खिशात आहे आणि संध्याकाळपासून तू तो तीनदा मागून पाहिलायस. रेल्वेचा छापील कागद, कार्बनमधून उमटलेली निळी अक्षरं, खाली साहेबाची सही आणि गोल शिक्का. 'स्वतः व पत्नी'. मिरज ते कुळे आणि परत. लग्नपत्रिकेनंतर तुमची दोन नावं एका कागदावर आली ती आजच.

"अगं, दे आता. घाम लागून अक्षरं जातील," तो म्हणतो. तू देतेस. थोड्या वेळानं परत मागणार आहेस, हे त्यालाही माहीत आहे.

तारीख १९ ऑगस्ट १९७८, वार शनिवार. वाचणारी बाई असो की पुरुष, पुढचा एक दिवस तू ती आहेस. वय एकवीस, माहेर सांगोल्याजवळच्या एका खेड्यातलं, लग्न होऊन तीन महिने झालेत. काल नारळी पौर्णिमा होती, त्याच्या मनगटावर नणंदेनं बांधलेली राखी अजून चमकतेय. मंगळवारी तुझी पहिली मंगळागौर झाली आणि रात्रभर घातलेल्या फुगड्यांनी पोटऱ्या अजून दुखतायत. पायात धाकट्या दिराचे शाळेचे कॅनव्हासचे बूट आहेत, पुढं कापसाचा बोळा घालून बसवलेले. साडीखाली ते दिसू नयेत म्हणून तू लहान पावलं टाकतेस.

घर म्हणजे रेल्वेचं दोन खोल्यांचं क्वार्टर. सासू-सासरे, दोन दीर, एक नणंद आणि तुम्ही दोघं. रात्री दोरीवरचा पडदा ओढला की बाहेरच्या खोलीचे दोन भाग होतात आणि त्यातला एक तुमचा. तीन महिने तुम्ही कुजबुजतच बोलताय. तो कसा हसतो हे तुला माहीत आहे, पण मोठ्यानं हसताना कसा ऐकू येतो हे माहीत नाही.

हा बेत निघाला तो भिंतीवरच्या कॅलेंडरमुळं. कुठल्याशा कंपनीनं दिलेलं स्वित्झर्लंडचं कॅलेंडर आहे, बर्फाचे डोंगर आणि त्यांच्या कडेनं निघालेली लाल रंगाची लहानशी गाडी. जुलै संपला तरी कुणी पान उलटलं नव्हतं. एका रात्री पडद्याआड तू विचारलंस, "अवो, असं डोंगरातनं जाणारी गाडी आपल्याकडं कुठं हाय का?" तो अंधारात उठून बसला. "दूधसागर," म्हणाला, आणि ते इतक्या मोठ्यानं म्हणाला की आतून सासऱ्यांनी खाकरा काढला.

सासूबाई काही बोलतील असं वाटलं होतं. त्यांनी सकाळी उठून दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, भडंगाची पुरचुंडी बांधली. "मी कधी गेले नाही," एवढंच म्हणाल्या. "यांची कॅसलरॉकला बदली होती तेव्हा माझं बाळंतपण निघालं. नंतर राहिलंच. तुम्ही जाऊन या." पितळेचा फिरकीचा तांब्या त्यांनीच पिशवीत घातला.

आता तू मिरज जंक्शनवर उभी आहेस. डावी-उजवीकडे नीट बघून घे, कारण हे दृश्य भारतात फार थोड्या ठिकाणी आहे आणि इथंही फार वर्षं राहणार नाही. एकाच स्टेशनात तीन मापांचे रूळ आहेत. एक १६७६ मिलिमीटरचा रुंद, १९७१ साली पुण्याहून इथवर आला. दुसरा मीटरगेज, अगदी १००० मिलिमीटर, बेळगाव, लोंढा, हुबळीकडे जाणारा. आणि तिसरा ७६२ मिलिमीटरचा, पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारी बार्शी लाईट. ती १९२७ साली मिरजेला पोचली. मे महिन्यात तू त्याच लहान गाडीतून नवरी होऊन आलीस, शंभरेक किलोमीटरला अर्धा दिवस, कवठेमहांकाळ सोडलं तेव्हा डोळ्यांतलं पाणी सुकलं आणि मिरज आलं तेव्हा पुन्हा सुरू झालं.

गाडीचे डबे या मापावरून त्या मापावर जात नाहीत, त्यामुळं माणूस असो की माल, मिरजेत उतरावंच लागतं. मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेसनं आलेला गोव्याचा माणूस इथं ट्रंक खाली घेतो आणि मीटरगेजच्या गाडीत चढवतो. गुळाच्या ढेपा, हळदीची पोती, सिमेंट, सगळं हमालांच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसरीत जातं. त्या मालधक्क्यावर तुझा नवरा कारकून आहे. पोती मोजून संध्याकाळी घरी येतो तेव्हा कॉलर पिवळी झालेली असते. लग्नाची हळद कधीच उतरली, त्याच्या कॉलरची तू रोज घासतेस तरी उतरत नाही. हे हात, ही पाठ, ही हमालांची आरोळी यांवर मिरज उभी आहे असं मला वाटतं. गाड्या जिथं बदलाव्या लागतात तिथंच बाजार वसतो, खानावळी चालतात आणि परक्या गावची माणसं ओळखीची होतात.

चहाच्या गाड्याभोवती राजकारण पेटलंय. महिन्यापूर्वी वसंतदादांचं सरकार गेलं आणि १८ जुलैला शरद पवार मुख्यमंत्री झाले. दादांच्या सांगली जिल्ह्यात तो घाव ओला आहे. दोघं-तिघं हातवारे करून बोलतायत, चहावाला कुणाचीच बाजू न घेता बशा विसळतोय. तुला त्यात पडायचं नाही. गाडी लागलीय.

लाकडी बाकांचा डबा. रेल्वेमंत्री मधू दंडवते दुसऱ्या वर्गाच्या बाकांवर गाद्या बसवतायत असं तो सांगतो. इथं अजून पोचलेल्या नाहीत. समोरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी उभं धरून बसलेत, मांडीवर नातू धरावा तसं. तंबोरा आहे. मिरजेत ज्या गल्लीत सतार-तंबोरे घडतात तिथून घेऊन हुबळीकडे निघालेत. ते दर्ग्याच्या उरुसाविषयी बोलतात, गवई अब्दुल करीम खाँसाहेबांविषयी बोलतात. १९३७ साली खाँसाहेब गाडीनं पाँडिचेरीकडे निघाले होते, वाटेत छातीत दुखू लागलं म्हणून सिंगपेरुमाळकोईल नावाच्या लहानशा स्टेशनवर उतरले आणि तिथंच त्यांनी प्राण सोडला. मिरजेत आणून दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं. म्हातारे हे सांगतात आणि तंबोऱ्यावरची गोधडी नीट करतात. तू खिडकीकडे वळतेस.

इंजिन शिट्टी देतं आणि गाडी हलते.

शेडबाळ, उगार, आणि मग चाकांचा आवाज एकदम पोकळ होतो. कृष्णेचा पूल. ढग फाटलेत आणि कालच्या पौर्णिमेचा एवढासा झिजलेला चंद्र पाण्यावर पडलाय. ऑगस्टमधली कृष्णा, गढूळ, दोन्ही काठांना टेकलेली. तू गजांना कपाळ लावून बघतेस. पूल संपल्यावरही तशीच राहतेस. तो विचारतो, "काय झालं?" तू म्हणतेस, "कुठं काय." हे खरं नाही. पण त्याचं उत्तर कुजबुजत देता येण्यासारखं नाही, ते उद्यासाठी ठेव.

कुडची, रायबाग, घटप्रभा. रात्री केव्हातरी बेळगाव येतं, कुणीतरी कुंद्याचा पुडा घेऊन चढतं आणि अख्ख्या डब्यात भाजलेल्या खव्याचा वास भरतो. मग झोप. लोंढ्याला गाडी इतका वेळ थांबते की ती थांबल्यामुळंच तुला जाग येते. हवा बदललीय, बाक ओलसर लागतोय. बाहेर अंधार नाही, उजेडही नाही, नुसतं पांढरं.

कॅसलरॉकला तुम्ही उतरता तेव्हा सहा वाजून गेलेत.

सासऱ्यांनी या स्टेशनाविषयी इतकं सांगितलंय की तुला ते ओळखीचं वाटतं. इथून पुढं पोर्तुगीजांचा मुलूख सुरू व्हायचा. इकडे कॅसलरॉकला आपली जकात आणि तिकडे घाटाखाली कुळ्याला त्यांची. प्रत्येक ट्रंक उघडायची, प्रत्येक बोचकं सोडायचं. ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांत १८७८ साली करार झाला, मग मुरगाव बंदरापासून रूळ टाकत आणले आणि १८८८ साली हा घाट चढून ते कॅसलरॉकला भिडवले. १९५५ साली भारतानं गोव्याची नाकेबंदी केली तेव्हा गाडी बंद पडली. "स्टेशन होतं, सिग्नल होते, मी होतो आणि गाडी नव्हती," असं सासरे सांगतात. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि नंतर रूळ पुन्हा बोलू लागले.

घाट उतरण्याआधी गाडीचे ब्रेक तपासतात. हातोडीचे ठोके डब्याडब्यातून पुढं सरकत येतात. हा घाट ३७ ला १ असा आहे, म्हणजे ३७ पावलं चालून गेलं की एक पाऊल खाली. रस्त्याला हे काहीच नाही, पण लोखंडावर लोखंड घसरतं तेव्हा ही उतरण भारी पडते. तुझ्या कॅलेंडरातल्या आल्प्समध्ये गोट्थार्डची प्रसिद्ध रेल्वे १८८२ साली सुरू झाली, तिचा चढही साधारण एवढाच आहे. सहा वर्षांच्या अंतरानं, दोन्हीकडे माणसांनी सुरुंग लावून डोंगर पोखरले. तिकडच्या मजुरांसाठी स्मारकं उभी आहेत. इथं ज्यांनी कातळ फोडला त्यांची नावं मला कुठं सापडलेली नाहीत आणि ती सापडायला हवी होती.

गाडी पुढं जाते आणि तुम्ही मागं राहता. लाल दिवा धुक्यात विरघळतो. आता सगळीकडून फक्त पाणी टपकण्याचा आवाज येतोय, पानांवरून, तारांवरून, छत्रीच्या काडीवरून.

"चल," तो म्हणतो. नेहमीच्या आवाजात. तुला दचकायला होतं.

रुळांच्या कडेनं तेरा-चौदा किलोमीटर चालायचंय. पहिला अर्धा तास चालण्याची लय शोधण्यात जातो. स्लीपरवर पाय टाकावा तर दोन स्लीपरमधलं अंतर एका पावलाला कमी पडतं आणि एक सोडून पुढच्यावर टाकावा तर फार होतं. मधल्या खडीवर बुटाचा तळ वाकडा पडतो. शेवटी तू साडी खोचून घेतेस, वर, अगदी पोटरीपर्यंत, शेतात भांगलायला जाताना खोचतात तशी. कोण बघणार आहे? तो बघतो. मग दोघंही हसता. हाच तो त्याचा मोठ्यानं हसण्याचा आवाज. घोगरा आहे. तुला आवडतो.

पहिल्या बोगद्याच्या तोंडाशी थंड वारा येतो, तळघरातून येतो तसा. त्याच्याजवळ विजेरी आहे. भिंत हातानं चाचपत जा. कातळ ओला आहे, टिकावाच्या खुणा बोटांना लागतात, तिरप्या, एकाखाली एक, कुणीतरी नव्वद वर्षांपूर्वी एकेक घाव घातलाय तिथं तुझं बोट आहे. मध्येच तो थांबतो, वाकतो आणि रुळाला कान लावतो. "येतीय," म्हणतो. भिंतीत माणसापुरता कोनाडा आहे, तुम्ही त्यात शिरता. आधी रूळ वाजतात, मग हवा ढकलली जाते, आणि मग ती येते. खालून वर चढणारी रिकामी मालगाडी, बंदरात लोहखनिज उतरवून परत निघालेली. पुढं इंजिन धापा टाकतंय आणि मागून दुसरं ढकलतंय. डब्यामागून डबा तुझ्या नाकापुढून हातभर अंतरावरून जातो, धुरानं डोळे चुरचुरतात, तू त्याच्या शर्टात तोंड खुपसतेस आणि तिथं हळदीचा वास आहे.

बाहेर आल्यावर कळतं की मनगट घट्ट धरल्यामुळं राखीचा गोंडा तुटून तुझ्या मुठीत आलाय.

घाटात सकाळ अशी होत नाही, नुसता पांढऱ्याचा रंग बदलतो. धुकं फाटलं की खाली दरी दिसते, हिरव्या रंगाच्या किती तरी छटा, आणि मिटलं की समोरची छत्रीही दिसत नाही. कड्यांवर तेरडा फुललाय, गुलाबी-जांभळा. कुठूनतरी शीळ येते. एखादा पोरगा शाळा बुडवून रमतगमत चाललाय आणि अर्धवट आठवणारं गाणं शिट्टीवर वाजवतोय असं वाटतं. कुणीच दिसत नाही. ती शीळकरी कस्तुर. काळानिळा पक्षी, ओढ्याकाठचा, पावसाळ्यातच असा गातो. तू थांबून उत्तर देतेस, ओठ मुडपून, गुराख्यांसारखी. पक्षी गप्प होतो. नवराही गप्प होतो. बायकोला शीळ घालता येते हे त्याला तीन महिन्यांत कळलेलं नव्हतं.

करंझोळच्या अलीकडे एक गँगमन भेटतो, डोक्यावर घोंगडीची खोळ, खांद्यावर लांब दांड्याचा पाना. रोज सकाळी तो आपल्या हद्दीतला रूळ चालून बघतो. रात्री दरड आली का, झाड पडलं का, खिळा ढिला झाला का. तो कुठं निघालात म्हणून विचारतो, पास दाखवायला लागत नाही, मालधक्क्याचं नाव पुरतं. तुझ्या पायाकडे बघून तो कमरेची चंची काढतो आणि चिमूटभर तंबाखू तुझ्या घोट्यावर ठेवतो. तेव्हा तू खाली बघतेस. काळी जळू, रक्त पिऊन करंगळीएवढी झालेली, टपकन गळून पडते. दुखलं नव्हतंच. रक्त मात्र थांबत नाही, पांढऱ्या कॅनव्हासवर लाल रेघ उतरते. दिराला काय सांगायचं याचा विचार करत तू पुढं चालतेस.

आणि बोलतेस. काल रात्री कृष्णेच्या पुलावर जे सांगायचं राहिलं ते.

१९७२ साली तू पंधरा वर्षांची होतीस. पाऊस त्या वर्षी आलाच नाही, आणि आधीच्या वर्षीही धड आला नव्हता. तुमच्या गावच्या विहिरीला तळ दिसत होता. थोरली माणसं दोर सोडून तुला खाली उतरवायची, कारण तू हलकी होतीस. खाली कपारीत पाणी झिरपायचं, ते करवंटीनं घागरीत भरायचं. एक घागर भरायला किती वेळ लागायचा हे तू मोजायचीस. वरून कुणीतरी सारखं विचारायचं, "भरली का?" शाळा सुटली. आईबरोबर तू रस्त्याच्या कामावर खडी फोडलीस. सुकडी खाल्लीस, परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी खाल्ल्यास. बैल गेले. ती खडी कुठल्या रस्त्यावर पडली तुला ठाऊक नाही, पण आज पायाखाली खडी करकरली की तळहात दुखल्यासारखं वाटतं.

हे तू चालता चालता सांगतेस, मोठ्यानं, पावसात. तो मध्ये बोलत नाही. मिरजेच्या माणसाला कृष्णा उशाशी आहे, त्यानं दुष्काळ पाहिला तो सुकडीच्या पोत्यांच्या मोजदादीतून. तो फक्त छत्री तुझ्याकडे आणखी कलती करतो आणि त्याचा डावा खांदा भिजत राहतो.

दूधसागर आधी ऐकू येतो. दूरवर जड मालगाडी चाललीय असं वाटतं आणि ती काही केल्या संपत नाही. स्टेशन मागं पडतं, आणखी एक बोगदा, त्याच्या दुसऱ्या टोकाला पांढरा उजेड. तुम्ही बाहेर येता आणि तोंडावर पाणी उडतं.

वर बघ. मान मोडेपर्यंत बघ. तीनशे मीटरहून उंच कडा आणि त्यावरून पाणी पडत नाही, उधळतंय. एका टप्प्यावर आपटतं, फुटतं, धूर होतं, पुन्हा एकत्र येऊन खालच्या टप्प्यावर. असे चार टप्पे. आणि त्या सगळ्याच्या मधोमध, दगडी कमानींवर, रेल्वेचा पूल. पाणी पुलाच्या पोटाखालून खाली दरीत जातं. पूल थरथरतो की तुझे पाय, हे कळत नाही. पुलावर जायचं नाही, तुम्ही अलीकडे कातळाला टेकून उभे राहता.

तू काहीतरी म्हणतेस. त्याला ऐकू जात नाही. दिवसभर मोठ्यानं बोलायला मिळावं म्हणून इतक्या लांब आलात आणि आता ओरडल्याशिवाय इलाज नाही. तू त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडतेस:

"अवो, एवढं पाणी जातंय कुठं?"

"मांडवीला!"

"आन् तिथनं?"

"समुद्राला!"

तू पुन्हा वर बघतेस. तुझ्या सांगोल्याला वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. इथं त्याच्या कित्येक पट. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला धडकून इथंच रिकामे होतात आणि पलीकडे माणदेशात त्यांची नुसती सावली पोचते. हा भूगोल तू शाळेत पाठ केला होतास, शाळा सुटायच्या आधी. पाठ केलेलं आज पहिल्यांदा डोळ्यांना दिसतंय. तुला रडू येतं का? येतं, पण तोंडावर इतकं पाणी उडतंय की तुझं तुलाही वेगळं काढता येत नाही.

मग तू तांब्या काढतेस, फिरकी उघडतेस आणि कड्यावरून ओघळणाऱ्या एका बारीक धारेखाली धरतेस. किती वेळ लागतो? तू सवयीनं मोजायला सुरुवात करतेस आणि तीनपर्यंत पोचायच्या आत तांब्या वाहू लागतो.

दशम्या तुम्ही तिथंच खाता, एका हातानं पुरचुंडीवर पदर धरून. चटणी भिजते, भडंग मऊ पडतं. इतकं चवीचं तू लग्नापासून काही खाल्लेलं नाहीस, कारण हे तू आधी खाल्लंस. सगळ्यांना वाढून झाल्यावर नाही.

दुपारी दूधसागर स्टेशनवर वर जाणारी गाडी येते. गार्ड ओळखीचा निघतो, तुमची दशा बघून हसतो आणि चढा म्हणतो. परतीचा प्रवास तुला तुकड्यातुकड्यांत आठवेल. मागून ढकलणाऱ्या इंजिनाचा धक्का. लोंढ्याचा गरम चहा. त्याच्या खांद्यावर डोकं, आणि कुणी बघतंय का याची पर्वा न करता ते तिथंच राहू देणं. मीटरगेजची गाडी सावकाश जाते म्हणून लोक कुरकुरायचे. मला ती चाल फार मोलाची वाटते. झाड वेगळं दिसायचं, माणसाचा चेहरा ओळखू यायचा आणि दोन माणसांचं बोलणं पुरं व्हायचं. सोमवारी पहाटे मिरज येते. तो क्वार्टरवर जाऊन कपडे बदलतो आणि कामावर जातो. सासूबाई तांब्या हातात घेतात, उघडून एक घोट पितात, आणि उरलेलं तुझ्या हाती देतात. "आईला ने," म्हणतात. गौरीला माहेरी जाताना लहान गाडीच्या खिडकीशी तू तो तांब्या मांडीवर धरून बसणार आहेस.

इथं उतरा.

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो. नव्वदच्या दशकात मिरज ते लोंढा आणि तिथून गोव्यापर्यंतचा मार्ग रुंद झाला. १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली आणि मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या माणसाला मिरजेत उतरण्याचं कारण उरलं नाही. बार्शी लाईटही रुंद झाली. तीन मापांचं स्टेशन एका मापाचं झालं. हमालांच्या पाठीवरची पोती उतरली हे चांगलंच झालं.

तुम्ही दोघं असाल आणि पावसाळ्यात एक दिवस हाताशी असेल, तर हा घाट बघा. मिरजेवरून जाणारी गोवा एक्सप्रेस आजही याच वाटेनं वास्कोला जाते, परतीला घाट उजेडात लागतो. पण रुळांवरून चालू नका. त्या काळी गँगमन कुठं निघालात म्हणून विचारत होता, आज गाड्या वाढल्यात, दरवर्षी माणसांची झुंबड उडते, आणि जुलै २०२३ मध्ये रेल्वेला जाहीर सांगावं लागलं की दूधसागर डब्यातूनच बघा. ते ऐका. जवळून बघायचाच असेल तर पावसाळा सरल्यावर कुळ्याहून वनखात्याच्या वाटेनं जीप जाते. आणि घरात सत्तरीची कुणी सासू, आई, आजी असेल जी 'राहिलंच' म्हणते, तिला खिडकीची जागा द्या.

मिरजेचं एक सांगायचं राहिलंच. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी उरलं नाही. तेव्हा राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात टाक्यांच्या वाघिणी धुऊन मिरजेला आणल्या, त्यांत कृष्णेचं पाणी भरलं आणि ११ एप्रिलला पहिली गाडी सुटली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं ती पन्नास वाघिणींची झाली. लोक तिला जलदूत म्हणू लागले. ज्या मार्गावर बार्शी लाईट धावायची त्याच मार्गानं, कवठेमहांकाळ, सांगोला, पंढरपूर, कुर्डुवाडी करत ती पहिली गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोचली.